खालची अर्धी दोरवाट

आमचं गाव शहराच्या हद्दीत घेतलं ते एकोणीसशे अडुसष्ट साली. गाव होतं तिथंच राहिलं. एका सकाळी रस्त्याच्या खांबावर पाटी लागली आणि आम्ही शहरातले झालो. नळ यायला पुढं बरीच वर्षं गेली. त्याआधी आले ते नगरसेवक, आणि त्यांच्या मागोमाग जमिनी मोजणारे.

आमचं घर दोर वळणाऱ्यांचं. घरात सासूबाई, आमचे हे, मी आणि आमच्या दोन लहान मुली. सासरे मी लग्न होऊन यायच्या आधीच वारले होते. त्यांच्या जागी सासूबाई उभ्या राहिल्या होत्या, म्हणजे खरं तर चालत होत्या. दोराच्या कामात एकानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं कमरेला वाख, म्हणजे घायपाताचे धागे, गुंडाळून मागं मागं चालायचं असतं. चाकाच्या आकड्यात वाखाचं टोक अडकवायचं, चाक फिरलं की पीळ भरतो, आणि चालणारी दोन्ही तळव्यांतून वाख सोडत, सूत सारखं करत, एकेक पाऊल मागं जाते. त्यासाठी लांबच लांब सरळ जागा लागते. ती आमची दोरवाट. एक टोक आमच्या घराशी, चाकापाशी. दुसरं टोक पार मोठ्या रस्त्याला. दोन्ही बाजूंनी झाडं, मध्ये बैलगाडी जाईल एवढी रुंदी, आणि माती अशी घट्ट की अनवाणी चाललं तर टाचेला सारवलेल्या जमिनीसारखी लागे.

चालणारीनं मागं वळून बघायचं नाही. मान वळली की हात हलतो, हात हलला की सुताला गाठ येते. तेव्हा वाटेत दगड असेल, कुत्रं झोपलं असेल, खड्डा पडला असेल, तर ज्याला तो दिसेल त्यानं तिच्या मागं जायचं, तिच्या पाठीवर तळवा टेकायचा आणि तिला वळवून न्यायचं. बोलून सांगायचं ते एवढंच, डावीकडं किंवा उजवीकडं. गल्लीतलं प्रत्येक पोर हे पहिलं शिके. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई माझ्याशी धड बोलतही नव्हत्या, पण पहिल्याच सकाळी चालता चालता म्हणाल्या, "अगं, उभी काय राहिलीस? पाठीवर हात ठेव." माझी आणि त्यांची ओळख तिथून सुरू झाली.

ती वाट आमच्या मालकीची नव्हती. जोवर तिच्यावर दोर वळला जातो तोवर ती दोरवाल्यांकडं राहील, जो भाग वर्षभर कुणी वापरला नाही तो गावाकडं जाईल, असं जुन्या लोकांनी ठरवून दिलं होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. गाव शहरात गेलं तेव्हा गावाच्या जागी पालिका आली. बाकी बोली तीच राहिली.

वाटेच्या खालच्या अर्ध्याला लागून शेतं होती. ती एका माणसानं विकत घेतली. त्याला तिथं घरांची कॉलनी बांधायची होती, म्हणून आम्ही त्याला कॉलनीवाला म्हणायचो. माणूस गोड. घडीचा रुमाल, हळू आवाज. त्याच्या शेतांतून मोठ्या रस्त्यावर यायचं तर एकतर नाल्याला वळसा घालून यावं लागे, नाहीतर आमच्या वाटेवरून.

पहिल्यांदा तो सरळच आला. सासूबाईंना म्हणाला, "खालचा तुकडा मला द्या, तुम्हाला समाधान होईल असं करतो."

सासूबाई वाख विंचरत होत्या. म्हणाल्या, "माझा असता तर मी तुमच्याकडं बघून विचार केला असता. पण जी वस्तू माझी नाही ती विकायला मी अजून शिकले नाही."

तो हसला. राग नाही, काही नाही. यांच्याशी हात मिळवला आणि जाताना फाटकापाशी रुमालानं हात पुसला. आमच्या हातांना वाखाचे काटे असतात, त्यानं पुसणं साहजिक आहे, असं हे नंतर म्हणाले. पण पुसताना त्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्यांदा आला तो दादाला घेऊन. दादा आमच्या गल्लीतला. वयानं आमच्या यांच्याहून धाकटा, पण निवडून आल्यापासून म्हातारीकोतारीसुद्धा त्याला दादाच म्हणत. आई कामावर जाई म्हणून लहानपणी तो दिवसभर आमच्या वाटेवर असे. समोरच्या झाडाला सासूबाईंनी त्याला झोका बांधून दिला होता. पूर्वी सासूबाईंना "मावशी, तू जेवलीस का?" म्हणायचा. आता "मावशी, तुम्ही कशा आहात?" म्हणू लागला होता.

"मावशी, काम आणलंय," दादा म्हणाला. "साहेबांच्या इमारतींना परांच्या बांधायच्यात. बांबूला बांबू आवळायला आखूड दोर लागतात. दर आठवड्याला न्यायचे आणि तिथंच हिशेब चुकता. तुम्ही आपली माणसं, म्हटलं बाहेर कशाला जायचं?"

मी आतून ऐकत होते. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांपुढं मुलींच्या चपला आल्या.

ते वर्ष चांगलं गेलं. आखूड दोराला लांब वाट लागत नाही. चाकापासून निम्म्या वाटेपर्यंत गेलं की झालं, सूत टेकवायची लाकडी घोडी तिथंच रोवून टाकली. सासूबाईंची पायपीट कमी झाली. विहिरीवाले लांब दोर मागायला आले, त्यांना आम्ही पुढच्या महिन्यात या म्हटलं. नदीवरचा नावाडी आला. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत बांधलेल्या दोराला धरून तो आपली नाव ओढून नेई, आणि तो दोर विरत चालला होता. त्यालाही म्हटलं, पुढच्या महिन्यात. तो तीनदा आला, मग यायचा बंद झाला. छताला पत्रे पडले. मुलींना चपला आल्या, धाकटी त्या घालूनच झोपायची. त्या वर्षाला मी आजही नावं ठेवत नाही. ज्यानं दिलं त्यानं कशासाठी का दिलं असेना, खाल्लं ते आमच्याच पोटात गेलं.

खालच्या अर्ध्यात मात्र गवत आलं. पावसाळ्यात ते गुडघ्यापर्यंत वाढलं, पावसाळा संपल्यावर वाळून पिवळं झालं. कुणीतरी तिथं मोडकी गाडी आणून उभी केली. कुणीतरी पाडलेल्या भिंतींचं राबिट टाकलं. आम्ही बघत होतो आणि बघत नव्हतो. रोजचं काम वरच्या अर्ध्यात होतच होतं.

एका दुपारी परांचीवाला मुकादम पाणी प्यायला आमच्या दारात आला. कॉलनीवाल्याकडं परांच्या बांधायचं काम त्याच्या हाताखाली चाले. उंच, हाडकुळा, खांद्यावर बांबूचे घट्टे पडलेला. मी तांब्या दिला. तो दारात बसला आणि आमच्या ओसरीवर रचलेली आखूड दोरांची भेंडोळी बघत राहिला.

"वहिनी, हे सगळं आमच्याकडंच यायचंय?"

"दर आठवड्याला जातं की."

"मग मला का दिसत नाही? मला लागतात तेवढे दोर पहिल्या दोन महिन्यांत आले. बाकीचे गोदामात पडलेत. उंदीर लठ्ठ झालेत त्यांच्यावर."

चाक थांबलं. हे उठून आले. "उंदरांसाठी कोण दोर घेतं?"

मुकादमानं पाणी संपवलं, तोंड पुसलं, आणि खालच्या गवताकडं हनुवटी केली. "मला काय कळतं म्हणा. मी आपला बांबूवर चढणारा माणूस. पण साहेबांच्या ऑफिसात परवा रस्त्याचं बोलणं चाललं होतं. वर्ष भरत आलंय म्हणत होते. पालिकेची समिती पाहणीला येणार म्हणत होते." तो उठला. "मी इथं फक्त पाणी प्यायलो. काय?"

"पाणीच प्यायलात," सासूबाई म्हणाल्या.

तो गेल्यावर त्या घोडीवर बसून राहिल्या. पायाचा अंगठा मातीत रुतवत राहिल्या. त्यांच्या टाचांच्या भेगांत त्या वाटेची माती इतकी बसली होती की घासून घासूनही निघत नसे.

संध्याकाळी आम्ही दादाकडं गेलो. त्याच्या व्हरांड्यात बाकडं होतं, त्यावर बसवलं. आतल्या खोलीत पंखा होता, चहाचे कप वाजत होते आणि कॉलनीवाल्याचा तो हळू आवाज येत होता. आम्हाला कुणी या म्हणालं नाही. बऱ्याच वेळानं दादा बाहेर आला आणि उभ्यानंच बोलू लागला.

"मावशी, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. खालच्या भागाचा वापर नाही, हे तुम्हीही बघताय. नियम नियम असतो. माझे हात बांधलेले आहेत."

"कुणाच्या दोरानं?" सासूबाईंनी विचारलं. "आमचा असता तर मला माहीत असतं."

दादाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "समिती येईल तेव्हा तुमचं म्हणणं तिथं मांडा. मला आता आत लोक आहेत."

"आहेत ना. कपांवरून कळलं."

परतताना हे म्हणाले, "आई, मांडायचं काय तिथं? आपण कोण बोलणारे?"

"बोलायचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्याला येतं ते करायचं. नावाड्याकडं जाऊन ये."

नावाडी भलताच रुसलेला होता. मी आणि हे नदीवर गेलो, तर त्यानं नाव मध्येच थांबवली आणि तिथूनच ओरडला, "कोण आलंय? मोठे लोक! पुढच्या महिन्यात या!"

हे काठावर उभे राहिले, खाली मान घालून. मी म्हटलं, "अहो भाऊ, नाव इकडं आणा, भांडायचं ते जवळून भांडा. एवढ्या लांबून आमचा घसा दुखतो."

तो हसला. नाव आणली. पोटभर बोलून घेतलं, आम्ही ऐकून घेतलं. मग आपला दोर दाखवला. जागोजाग तुटून गाठी मारलेला, नावेत बसणारी माणसं तो हातात घ्यायला भीत. "नदीएवढा अखंड पाहिजे," तो म्हणाला. "मध्ये जोड नको."

"त्याला पूर्ण वाट लागते," हे म्हणाले.

"मग वापरा की पूर्ण वाट. मी कुठं नको म्हणतोय?"

त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. पण त्याच्या तोंडून ते शब्द ऐकले आणि मला एकदम हलकं वाटलं.

गवत काढायचं होतं, राबिट हलवायचं होतं, आणि हात होते आमचेच. सुट्टीच्या सकाळी मुकादम आला, आपल्या परांचीवाल्या पोरांना घेऊन. बांबूवर चढणारी ती माणसं, विळे घेऊन ओळीनं बसली आणि गप्पा मारत गवत कापत निघाली. मोडकी गाडी तर त्यांनी चक्क उचलून बाजूला ठेवली.

"मुकादम, तुमच्या साहेबांना कळलं तर?" मी विचारलं.

"कळेल ना. त्यांची कॉलनी आहे, त्यांना काय कळत नाही!" त्यानं विळ्याला धार लावली. "वहिनी, मी रोज तुमच्या दोरावर उभा राहतो. खाली बघितलं तर माणूस मुंगीएवढा दिसतो. अजून एक गाठ सुटली नाही. त्याचं काहीतरी देणं लागतोच की मी."

कामावर त्याला दुसऱ्याच दिवशी नको म्हटलं. हे त्यानं आम्हाला कळू दिलं नाही. आम्हाला ते फार उशिरा कळलं.

समिती आली तेव्हा ऊन चढलेलं होतं. मोठ्या रस्त्याच्या टोकाकडून आली. दादा, कॉलनीवाला, पालिकेचे इंजिनिअर, दुसऱ्या भागांतले नगरसेवक, आणि छत्रीवाल्या बाई. या बाई नदीपलीकडच्या भागातून निवडून आल्या होत्या. ऊन असो नसो, छत्री हातात. कुणाशी फारसं बोलत नसत, म्हणून लोक त्यांना शिष्ट म्हणत.

आमचं काम तोवर सुरू झालं होतं. हे चाकावर. मी मध्ये, सूत जमिनीला लागू नये म्हणून घोड्यांवर टाकत चाललेली. सासूबाई मागं मागं जात होत्या. निम्म्या वाटेची खूण ओलांडून त्या खालच्या अर्ध्यात शिरल्या. जवळजवळ वर्षभर त्यांची पावलं तिथं पडली नव्हती. गवताचे खुंट टाचांना बोचत असणार. पण हातातलं सूत तसंच, एकसारखं येत होतं.

समिती वाटेच्या मधोमध उभी होती, आमच्याकडं पाठ करून. दादा हात लांब करून सांगत होता, "इथून तिथपर्यंत बघा, वापर नाही. परवाच गवत काढलंय, खुंट ताजे आहेत. रस्ता झाला तर साऱ्या भागाची सोय होईल."

मी ओरडले, "सरा! बाजूला व्हा!" इंजिनिअरनं वळून पाहिलं आणि परत तोंड फिरवलं. सूत सोडून पळत जाता येईना. चाक थांबवलं तर पीळ सुटतो. सासूबाई जात राहिल्या आणि त्यांची पाठ दादाच्या पाठीवर जाऊन आदळली.

त्यांनी मान वळवली नाही. पुढंच बघत म्हणाल्या, "कोण आहे? दोर चालू आहे, दिसत नाही?"

दादा गर्रकन वळला. त्याच्या तोंडातलं वाक्य अर्धं राहिलं. सासूबाईंच्या मागं, बरोबर टाचेखाली येईल असा, राबिटातला एक दगड राहून गेला होता. तो दादाला दिसला. आणि त्यानं काही विचार केला असेल असं मला आजही वाटत नाही. त्याचा उजवा हात आपोआप वर आला आणि तळवा त्यांच्या पाठीवर टेकला.

"डावीकडं, मावशी," तो म्हणाला. "दगड आहे. हां. आता सरळ ये."

आणि तो त्यांना नेऊ लागला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट, आणि स्वतःही पाऊल पाऊल मागं सरकत, मधूनमधून आपल्या खांद्यावरून वाट बघत. लहानपणी न्यायचा तसाच. बाकीच्यांनी दोन्ही बाजूंना होऊन वाट दिली आणि मग काय करावं ते न कळून तेही बरोबर चालू लागले. कॉलनीवाला तेवढा जागेवर राहिला. नुसत्या चाकाचा आवाज येत होता. रस्त्याच्या कडेचा शेवटचा खांब येईपर्यंत दादाचा हात त्यांच्या पाठीवरून निघाला नाही.

खांबाला सूत बांधून सासूबाई वळल्या तेव्हा त्यांना कळलं, हात कुणाचा. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

छत्रीवाल्या बाईंनी छत्री मिटली. म्हणाल्या, "तुम्ही कुठं शिकलात हे?"

"इथंच," दादा म्हणाला. "लहानपणी. रोज."

"या खांबापर्यंत?"

"या खांबापर्यंत."

"आणि आजही या खांबापर्यंत," बाई म्हणाल्या. "मग मला वाटतं आपली पाहणी झाली. ऊन फार आहे."

कॉलनीवाला लांबून रुमालानं मान पुसत होता. त्यानं दादाकडं बघितलं. दादा सासूबाईंच्या पायांकडं बघत होता. खुंटांनी टाचा फाटून रक्त आलं होतं. तो खाली वाकला, एक खुंट उपटून बाजूला टाकला, आणि म्हणाला, "तू चपला का घालत नाहीस गं?"

"चपलेला वाट कळत नाही," त्या म्हणाल्या. "जा आता. लोक थांबलेत तुझ्यासाठी."

सभेत विषय आला तेव्हा बाईंनी वाट वापरात आहे असं सांगितलं. रस्त्याचा ठराव दादानं मांडायचा होता. तो उठलाच नाही. विषय तिथंच राहिला. आखूड दोरांचं काम त्याच आठवड्यात बंद झालं आणि पुढचं वर्ष आम्ही ओढूनताणून काढलं. धाकटीच्या चपला थोरलीच्या जुन्या होत्या. पण नावाड्याचा दोर नदीवर चढला त्या दिवशी त्यानं आम्हा सगळ्यांना उगाचच दोनदा पलीकडं नेऊन परत आणलं. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा तोंड पुढं करून कुठंतरी निघाल्या, असं हे म्हणाले, आणि नावेत सगळे हसले.

आता सगळ्यांचं सांगते. कॉलनीवाल्यानं नाल्याला वळसा घालून रस्ता काढला. कॉलनी झाली, चांगली झाली, झाडं लावली त्यानं. त्याची नातसून मला बाजारात भेटते, नमस्कार करते. दादाला पुढच्या वेळी पक्षानं उभं केलं नाही. त्यानं किराणा दुकान टाकलं, आणि सासूबाईंचं उधार तो कधी मागत नसे, म्हणून त्या त्याच्याकडं उधार घेतच नसत. त्या गेल्या तेव्हा खांदा द्यायला तो यांच्या शेजारी होता. मुकादमानं पुढं स्वतःचं काम सुरू केलं आणि शेवटपर्यंत आमचाच दोर नेला. छत्रीवाल्या बाई एकदा आमच्या दारावरून जात होत्या, मी पाणी दिलं. आभार मानायचे होते, ते मला नीट जमलं नाही. त्या म्हणाल्या, "पाणी छान गार आहे." नदीवर पूल झाला आणि नावाड्याचा मुलगा बस चालवू लागला. नायलॉन आला, मग आमचे हे चाक पुसून ठेवायचे, तेल घालायचे, फिरवायचे नाहीत. ते जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मुली आपापल्या घरी आहेत. थोरलीला अजून सूत तळव्यात धरता येतं.

वाट आहे. पालिकेनं तिच्यावर बाकं ठेवली, दिवे लावले, चालायला म्हणून. सकाळी उंच इमारतींतली माणसं येतात. हल्ली डॉक्टर सांगतात म्हणे, गुडघ्यांसाठी मागं चाला. पहिल्यांदा एका बाईला तसं मागं मागं येताना बघितलं तेव्हा मी बाकावरून उठून उभी राहिले. सासूबाईच वाटल्या मला. वाकलेली मान, छातीशी दुमडलेले दोन्ही हात.

तिच्या मागं एक फरशी उचकटलेली होती. मी गेले आणि तिच्या पाठीवर तळवा टेकला.

ती दचकली. म्हणाली, "कोण?"

"वळू नका," मी म्हटलं. "डावीकडं. हां. आता सरळ या."